नेट कोण खातंय? नवशिक्यांसाठी घरगुती तपास-मार्गदर्शिका

शंभरचा प्लॅन घेतलाय, बिल वेळेवर भरताय, आणि तरी रात्री नऊला टीव्हीवर गोल चक्री फिरत बसते, असं ज्यांच्या घरी चाललं आहे त्यांच्यासाठी ही मार्गदर्शिका आहे. संगणकाचं ज्ञान लागत नाही. नात्यागोत्यांचं लागतं, कारण यातला गुन्हेगार जवळजवळ नेहमी घरातलाच निघतो आणि तो कोणाचा तरी लाडका असतो.

लागणारं साहित्य: एक लॅपटॉप, एक धड लॅन केबल, कागद-पेन, उंच स्टूल आणि वडीलधाऱ्यांकडे त्यांचा मोबाईल दहा मिनिटं मागण्याचं धाडस. स्टूल यासाठी की आपल्याकडे राऊटर कुठे बसवायचा हे घरमालक ठरवत नाही. जोडणीला आलेल्या पोराला जिथे आधीचा खिळा सापडतो तिथे राऊटर बसतो, म्हणजे दाराच्या वर, देवाच्या फोटोशेजारी, हार लागेल अशा अंतरावर.

पायरी शून्य: कंपनीला फोन लावू नका

लावलात तर पलीकडची मुलगी सांगेल, "सर, एकदा बंद करून चालू करा." तुम्ही कराल. नेट सुसाट पळेल. तुम्ही तिचे आभार मानून फोन ठेवाल आणि अर्ध्या तासात चक्री परत येईल.

यावर नवशिक्याचा निष्कर्ष ठरलेला असतो: राऊटर तापला होता. तापतो, हे खोटं नाही. घरगुती राऊटरच्या पुस्तिकेत कामाचं तापमान बहुधा ० ते ४० अंश असं छापलेलं असतं आणि मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा ४५ ला टेकतो. कागदोपत्री पाहिलं तर आपल्या जिल्ह्यात राऊटरला उन्हाळाभर रजा द्यायला हवी. पण बंद-चालू केल्यावर जे घडतं ते थंडाव्यामुळे घडत नाही, दोन मिनिटांत काय थंड होणार? घडतं असं की सगळी उपकरणं एकदम बाहेर फेकली जातात, तुंबलेली रांग रिकामी होते, आणि मग एकेक जण परत येऊन बसतो. सगळे परत आले की पुन्हा तेच. थोडक्यात, बाहेरून येणारी तार बहुतेक ठीक आहे आणि गर्दी आत आहे. एवढा पुरावा फुकटात मिळाला, तो लिहून ठेवा.

एक अपवाद. फायबरच्या डब्यावर 'एलओएस' लिहिलेला दिवा लाल दिसत असेल तर स्टूलवरून खाली उतरा. तार तुटली आहे. केळीच्या उंच ट्रकने खांबावरची ओढून नेली असेल, नाहीतर गल्लीत पुन्हा एकदा खोदकाम निघालं असेल. ही मार्गदर्शिका तुमच्या कामाची नाही. खुशाल फोन लावा.

पायरी पहिली: मोजा, पण शुद्धीत

लॅपटॉप केबलने थेट राऊटरला जोडा आणि वेग मोजा. वेग मोजणाऱ्या साइट पुष्कळ आहेत. वायफायवर मोजू नका. वायफायवर मोजणं म्हणजे आरोपीलाच पंचनामा लिहायला बसवणं.

मोजण्याआधी एका भांडणाचा निकाल लावून घ्या. शंभरचा प्लॅन म्हणजे सेकंदाला १०० मेगाबिट. आठ बिटांचा एक बाइट. तेव्हा फाइल उतरवताना पडद्यावर सेकंदाला १२ एमबी दिसत असतील तर तुम्हाला पूर्ण माल मिळतो आहे, फसवणूक झालेली नाही. आपल्या ओळखीतल्या निम्म्या तक्रारी इथेच मिटतात, आणि तक्रार मिटल्याचं दुःख होणारी माणसं मी पाहिली आहेत. केबलवर ९४-९५ च्या वर आकडा जातच नसेल तर तो राऊटरच्या जुन्या पोर्टचा स्वभाव आहे. शंभरच्या पोर्टातून यापेक्षा जास्त निघत नाही.

दोनशे-तीनशेचा प्लॅन असून आकडा ९४ वरच अडतो? मग केबल पाहा. तिच्यात आठ तारा असतात, चार जोड्या. शंभरला दोन जोड्या पुरतात, हजारला चारही लागतात. एखादी तार क्लिपमध्ये नीट दाबली गेली नसेल तर दोन्हीकडची उपकरणं आपापसांत ठरवून गुपचूप शंभरवर उतरतात आणि कोणालाच काही सांगत नाहीत. गोलाणी मार्केटात पन्नास-शंभर रुपयांत तयार केबल मिळते. घरच्या भाच्याला क्रिम्पिंग येतं हे मान्य, तरी तयारच घ्या.

सरकारी कागदात किती वेगाला ब्रॉडबँड म्हणायचं तेही ऐकून ठेवा: जानेवारी २०२३ पासून किमान २ एमबीपीएस. त्याआधी ५१२ केबीपीएसवर भागत असे. तेव्हा तीन एमबीपीएस मिळत असेल तर कायद्याच्या दृष्टीने तुम्ही सुखी आहात.

केबलवर पूर्ण वेग आला? अभिनंदन. याच जिल्ह्यात, अमळनेरला, १९४५ साली वनस्पती तेल-तुपाची एक कंपनी निघाली आणि तिचीच पुढे विप्रो झाली. अशा मातीत जन्मलेल्याला पुढच्या पायऱ्या अवघड नाहीत.

पायरी दुसरी: हजेरी घ्या

ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.१ टाका. काही राऊटरना तिथे १९२.१६८.०.१ लागतं. नाव आणि पासवर्ड राऊटरच्या पोटाखाली स्टिकरवर असतात, म्हणून पुन्हा स्टूल. आत 'कनेक्टेड डिव्हायसेस' किंवा तशा अर्थाचं पान सापडेल. तिथली यादी कागदावर उतरवून घ्या.

पहिला धक्का संख्येचा. घरात माणसं पाच, यादीत उपकरणं सतरा. दुसरा धक्का नावांचा. 'आबांचा फोन' असं कोणी लिहिलेलं नसतं. 'अँड्रॉइड' आणि पुढे आकडे-अक्षरांची आगगाडी असते. त्यातून अलीकडचे फोन खाजगीपणासाठी प्रत्येक नेटवर्कला आपला खोटा पत्ता देतात, अँड्रॉइड दहाव्या आवृत्तीपासून आणि आयफोन आयओएसच्या चौदाव्या आवृत्तीपासून. त्यामुळे पत्त्यावरून कंपनी ओळखायची जुनी युक्ती फोनपुरती संपली. ओळख पटवायचा एकच खात्रीचा उपाय उरतो: प्रत्येकाच्या फोनचं वायफाय क्षणभर बंद करायचं आणि यादीतून कोण गेलं ते बघायचं.

घरातले सगळे फोन बंद करूनही तीन-चार नावं उरतील. त्यात टीव्ही आहे, कॅमेरा आहे, प्रिंटर आहे. उरलेलं एक शेजारचं आहे. गेल्या वर्षी त्यांच्या सूनबाईंचा ऑनलाइन इंटरव्ह्यू होता तेव्हा तुम्हीच पासवर्ड दिला होता. त्यांना नोकरी लागली, त्या पुण्याला गेल्या. पासवर्ड इथेच राहिला.

पायरी तिसरी: चौकशी

शास्त्रीय पद्धत अशी. सतरा उपकरणं एकेक करून बंद करत मोजत बसलात तर वाईटात वाईट सतरा वेळा मोजावं लागेल. त्यापेक्षा निम्मी बंद करा. वेग सुधारला तर चोर बंद केलेल्या निम्म्यात आहे, नाही सुधारला तर चालू असलेल्या. मग त्यांचे परत निम्मे. सतरा उपकरणांत पाच फेऱ्यांत माणूस सापडतो.

ही पद्धत ज्याने शोधली तो एकटा राहत असावा. एकत्र कुटुंबात निम्मी उपकरणं बंद करणं म्हणजे निम्मं घर बंद करणं. कोणतं निम्मं, यावरच मतदान होतं. वहिनींची मिटिंग चालू आहे, त्या स्पर्शाच्या पलीकडे. पुतण्याचा नीटचा क्लास चालू आहे असं तो म्हणतो. आईची मालिका आत्ता रंगात आली आहे. आणि आबांना मोबाईल मागितला की ते चष्म्यावरून पाहतात.

"मन्हा मोबाईल काय करी राहिना रे भो?"

"काही नाही आबा, फक्त दहा मिनिटं."

"मग मन्हाच का मांगस?"

याला शास्त्रीय उत्तर नाही. म्हणून नवशिक्याने निम्म्याची पद्धत सोडून मानाची पद्धत वापरावी: सगळ्यात कमी मान असलेल्या उपकरणापासून सुरुवात करून वर चढत जायचं. प्रिंटर, स्मार्ट बल्ब, कॅमेरा, टीव्ही, पुतण्या, स्वतः, वहिनी, आई, आबा. हिला वेळ लागतो, पण मोजणी संपल्यावर संध्याकाळचं जेवण मिळतं. अडचण एवढीच की या क्रमात खरा चोर शेवटी येतो.

नेहमीचे संशयित

*हळदीचे फोटो.* लग्नाहून परतलेला फोन घरच्या वायफायला लागला की तो बाराशे फोटो आणि चाळीस व्हिडिओ ढगात चढवू लागतो. तुम्ही म्हणाल, तो तर पाठवतो आहे, माझं उतरवणं का अडावं? कारण उतरवतानाही तुमच्या उपकरणाला मधूनमधून 'मिळालं, पुढचं पाठवा' असं कळवावं लागतं. ती पोच बाहेर जाणाऱ्या रांगेत फोटोंच्या मागे उभी राहते. पोच पोहोचली नाही की पलीकडचा हात आखडतो. राऊटर बिचारा कोणाला नाही म्हणत नाही, जो येईल त्याला रांगेत घेत राहतो, आणि रांग लांबली की सगळेच लटकतात.

यात लाजण्यासारखं काही नाही. एक्स विंडो ही प्रणाली घडवणाऱ्यांपैकी एक, जिम गेटिस, यांच्या अमेरिकेतल्या घरीही हेच झालं. घरून मोठी फाइल पाठवायला घेतली की बाकीचं नेट मान टाकतं, हे त्यांच्या ध्यानात आलं, आणि शोधत गेल्यावर या फुगलेल्या रांगेला त्यांनी २०१० च्या सुमारास 'बफरब्लोट' असं नाव दिलं. त्यांना नाव सुचलं. आपल्याला त्या वेळी शिव्या सुचतात. ओळखायची खूण: पिंग, म्हणजे निरोप जाऊन परत यायला लागणारा वेळ, बघा. एरवी वीस मिलिसेकंद असणारा पिंग आठशेवर गेला आणि फोटो थांबवताच खाली आला, तर चोर हाच. बॅकअप रात्री एकनंतर आणि चार्जिंगला असतानाच होईल असं ठरवून टाका. राऊटरमध्ये 'क्यूओएस' असेल तर बाहेर जाण्याचा वेग कमाल वेगाच्या थोडा खाली बांधून ठेवा. हा उपाय दिसायला उलटा आहे, पण रांग फुगतच नाही.

*कॅमेरा.* शेतात चोऱ्या वाढल्या म्हणून घरालाही कॅमेरे लागले. डीव्हीआरच्या पेटीत चित्रण साठत असेल तर इंटरनेटला त्याचा काही त्रास नाही. ते तारेतून पेटीत जातं, विषय संपला. त्रास दोन वेळा होतो: ढगात साठवणारा कॅमेरा असेल तर अष्टौप्रहर, आणि आबा केळीच्या बागेत बसून मोबाईलवर घरचं अंगण बघत असतील तर ते बघत असेपर्यंत. साधा दोन मेगापिक्सेलचा कॅमेरा सेकंदाला दोन ते चार मेगाबिट बाहेर पाठवतो. चार कॅमेरे, जुना प्लॅन, बाहेर जाण्याचा वेग दहा, हा हिशेब तिसरीतलं पोर करेल. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये एच.२६४ ऐवजी एच.२६५ निवडा, भार जवळपास निम्म्यावर येतो. रात्रभर अंगणातल्या मांजरीचं चित्रण परदेशातल्या सर्व्हरवर पोहोचवणं खरंच गरजेचं आहे का, हा प्रश्न कुटुंबाने बसून सोडवावा.

*स्वस्तातला अँड्रॉइड बॉक्स.* जुन्या टीव्हीला लावायचा, 'सगळे चॅनल लाइफटाइम फ्री' असं सांगून विकलेला. याच्याबद्दल विनोद करवत नाही. जून २०२५ मध्ये अमेरिकेच्या एफबीआयने 'बॅडबॉक्स २.०' नावाच्या जाळ्याबद्दल जाहीर इशारा दिला: असे नाव-गाव नसलेले टीव्ही बॉक्स आणि तत्सम उपकरणं विकतानाच दूषित असू शकतात आणि मालकाच्या नकळत त्याचं इंटरनेट गुन्हेगारांना वापरायला देतात. त्याआधी २०१६ मध्ये 'मिराई' नावाच्या जाळ्याने हेच कॅमेरे, डीव्हीआर आणि राऊटर वापरून केलं. कारखान्यातून आलेले ठरावीक पासवर्ड एकामागून एक लावून बघायचे, लागला की यंत्र आपलं. त्या वर्षी २१ ऑक्टोबरला अशाच यंत्रांच्या फौजेने, साइटचे पत्ते शोधून देणाऱ्या 'डाइन' या कंपनीच्या सर्व्हरवर धाड घातली तेव्हा अमेरिकेत ट्विटर आणि नेटफ्लिक्ससारख्या साइट तासन् तास अडखळत होत्या. तुमचा टीव्ही बंद आहे, कोणी काही बघत नाही, आणि तरी त्या बॉक्सच्या नावासमोर बाहेर जाणारा डेटा वाढतोच आहे? प्लग काढा. परत लावू नका. दुकानदाराशी भांडायला मात्र जाऊ नका, त्याच्या स्वतःच्या घरी तोच आहे.

*लॅपटॉप.* विंडोज आपले अपडेट स्वतः तर उतरवतंच, वर इंटरनेटवरच्या अनोळखी संगणकांनाही वाटू शकतं. 'डिलिव्हरी ऑप्टिमायझेशन' नावाचं बटण शोधून बंद करा. दानधर्म वेगळा करावा.

*दिवाळीची साफसफाई.* कोपऱ्यात लोंबकळणारं एक मोकळं टोक दिसलं म्हणून कोणीतरी ते नीट उचलून स्विचच्या मोकळ्या भोकात खोचलं. केबलचं दुसरं टोक त्याच स्विचमध्ये आधीपासून होतं. आता एकच हाक त्या वर्तुळात फिरत राहते आणि घरातलं सगळं नेट ठप्प होतं. स्विचवरचे सगळे दिवे एकाच लयीत वेड्यासारखे लुकलुकताना दिसले की हेच समजा. एक टोक उपटा. कोणी खोचलं ते विचारू नका. सणाचे दिवस आहेत.

पायरी चौथी: खरा चोर

वरचे सगळे निर्दोष सुटले आणि तरी नेट हळूच आहे, असं झालं तर जिना चढा.

खानदेशात एप्रिलपासून पाऊस पडेपर्यंत निम्मं घर गच्चीवर झोपतं. दिवसभर तापलेला स्लॅब रात्री अकरापर्यंत शेक देतो, म्हणून गाद्या वर जातात आणि गाद्यांबरोबर मोबाईल जातात. दोन स्लॅब आणि एक पाण्याची टाकी ओलांडून वायफायची एक काडी वर पोहोचते. आबा त्या एका काडीवर बाजारभावाचे व्हिडिओ बघतात. फारसं काही वापरत नाहीत. फोनही जुना. त्यांच्यावर कोणी संशय घ्यावा?

घ्यावा. कारण वायफाय ही तार नाही, एका खोलीतली हवा आहे, आणि तिच्यात एका वेळी एकानेच बोलायचं असतं. सगळे आधी ऐकतात, कोणी बोलत नसेल तर आपलं बोलून घेतात. त्यामुळे प्रत्येकाला साधारण सारख्या पाळ्या मिळतात. इथपर्यंत न्याय आहे. गडबड पुढे आहे.

पांझरा-मोसमच्या खोऱ्यांतली फड पद्धत धुळ्याकडच्या जुन्या माणसांना आठवत असेल. नदीवर बंधारा, तिथून काढलेला पाट, खालच्या जमिनीचे फड, एका फडात एकच पीक, आणि पाणी कोणाला कधी सोडायचं ते पाहणारा पाटकरी. कित्येक शतकं हे गावकऱ्यांनीच चालवलं. आता असा पाटकरी कल्पा जो फक्त पाळ्या मोजतो, वेळ मोजत नाही. "प्रत्येकाची एक पाळी, त्याचं शेत भिजेपर्यंत," एवढाच त्याचा नियम. एकाच्या शेताला रुंद चारी आहे, त्याचं दहा मिनिटांत भिजतं. दुसऱ्याच्या चारीत गाळ, वरून उंदरांची बिळं, त्याला नऊ तास लागतात. पाळ्या दोघांना सारख्या. दिवसभर पाणी कोणाकडे? आणि रुंद चारीवाल्याचं दिवसाचं भिजणं किती? गाळवाल्याइतकंच.

आकड्यात पाहा. इंटरनेटचा एक मोठा पुडका पंधराशे बाइटांचा, म्हणजे बारा हजार बिटांचा. ५४ एमबीपीएसने बोलणारा फोन तो ०.२२ मिलिसेकंदात संपवतो. सिग्नल क्षीण झाला की फोन आणि राऊटर समजूत पटेपर्यंत सावकाश बोलू लागतात. जुन्या पद्धतीत तो वेग १ एमबीपीएसपर्यंत खाली येतो. तोच पुडका आता १२ मिलिसेकंद घेतो, चोपन्नपट. दोघंही सारख्याच पाळ्या घेत असतील तर ५४ वाल्याच्या हाती एकाहूनही किंचित कमी पडतं. एकवाल्याच्याही तेवढंच. फ्रान्समधल्या ग्रेनोबलच्या संशोधकांनी २००३ मध्ये हे गणित रीतसर मांडून दाखवलं होतं. ग्रेनोबल आल्प्समध्ये आहे, तिथे गच्चीवर झोपायची चाल नसावी, तरी निष्कर्ष आपल्याला तंतोतंत लागू पडतो.

म्हणून नवशिक्याने हे नीट लक्षात घ्यावं: सगळ्यात जास्त खाणारा आणि सगळ्यांना उपाशी ठेवणारा हे दोघे वेगळे असू शकतात. पुतण्या टीव्हीसमोर बसून चार एमबीपीएस खातो आणि बोलणी त्यालाच बसतात. वर आबा अर्धा एमबीपीएस घेतात आणि तेवढ्यासाठी हवेतला निम्म्याहून जास्त वेळ त्यांच्या नावे जातो. डेटाच्या यादीत ते सर्वांत खाली दिसतात. यादी वापर मोजते, वेळ मोजत नाही.

शेजारचा तो फोनही याच जातीचा. भिंतीपलीकडून, एका काडीवर. आणि कुलरचंही ऐका: लोखंडी पत्रा, ओलं गवत, पोटात पन्नास लिटर पाणी. २.४ गिगाहर्ट्झच्या लहरींना पाणी आणि पत्रा दोन्ही आवडत नाहीत. कुलर राऊटर आणि पलंगाच्या मधे उभा केलात तर पलंगावरचा माणूस घरात असूनही गच्चीवर गेल्यासारखा होतो. मायक्रोवेव्हही याच लहरींच्या आसपास काम करतो, पण आपल्याकडे तो मुख्यतः भांडी ठेवायला वापरतात, त्यामुळे त्याला सोडून द्या.

पायरी पाचवी: उपाय, चढत्या धाडसाने

सर्वांत सोपा: राऊटरचे २.४ आणि ५ असे दोन पट्टे असतील तर त्यांना वेगळी नावं द्या. ५ चा पल्ला कमी, पण हवा वेगळी. टीव्ही, लॅपटॉप, पुतण्या ५ वर न्या. गच्चीवाल्यांची रेंगाळ मग २.४ वरच्यांनाच सोसावी लागते. टीव्हीला तर थेट केबलच लावा, तो कुठे हिंडतो?

दुसरा: राऊटरच्या वायरलेस सेटिंगमध्ये 'बी/जी/एन मिश्र' असं असेल तर त्यातलं 'बी' काढून टाका. 'बी' हे १९९९ सालचं मानक आहे, १ ते ११ एमबीपीएसचं. ते गेलं की सर्वांत सावकाश बोलणंही थोडं चपळ होतं. 'एअरटाइम फेअरनेस' असं बटण दिसलं तर चालू करा. हा म्हणजे पाळ्यांऐवजी घड्याळ बघणारा पाटकरी. चॅनल १, ६ किंवा ११ पैकी जो गल्लीत रिकामा असेल तो घ्या, हे तीन एकमेकांवर चढत नाहीत. धुळ्यात आग्रा रोडला लागून असलेल्या गल्ल्यांत तिन्ही भरलेले मिळतील, मग ५ शिवाय गत्यंतर नाही.

तिसरा: गच्चीसाठी वेगळा अ‍ॅक्सेस पॉइंट, खालून केबल नेऊन. रिपीटर विकायला आणतील, घेऊ नका. साधा रिपीटर त्याच हवेत ऐकतो आणि त्याच हवेत परत बोलतो, म्हणजे प्रत्येक गोष्ट दोनदा. वेग निम्मा होतो आणि वर पैसे गेलेले असतात.

चौथा, फक्त अनुभवींसाठी: पासवर्ड बदला. सकाळी बदलू नका, दूध-पेपरच्या वेळी शेजारी भेटतात. बदलल्यावर संध्याकाळपर्यंत शेजारच्या काकू येतील. रिकाम्या हाताने येणार नाहीत. वाटीत भरीत असेल, वांगी बामणोदची असतील, वर कच्चं तेल आणि कांद्याची पात. वाटी हातात आल्यावर त्या म्हणतील, "अहो भाऊ, आमचं नेट सकाळपासून बंद आहे." *आमचं.* अशा वेळी पाहुण्यांसाठीचं 'गेस्ट नेटवर्क' आधीच तयार ठेवलेलं असावं, वेगाला कुलूप लावून. तो पासवर्ड हसतमुखाने द्यावा आणि भरीत गरम असतानाच खावं.

पाचवा उपाय आबांना नवा फोन घेऊन देण्याचा. तांत्रिकदृष्ट्या हा अर्धाच उपाय आहे, कारण दुखणं निम्मं फोनच्या वयाचं आणि निम्मं गच्चीच्या अंतराचं. तरी तो सुचवताच घरात सर्वांचं एकमत होईल, फक्त पैसे कोणी द्यायचे तेवढं सोडून. नवा फोन आला की आबा तो पुतण्याला देतील आणि जुनाच वापरत राहतील.

एक सूचना, मोठा प्लॅन घेणाऱ्यांसाठी

मेच्या अखेरीस कंटाळून काही लोक शंभरचा तीनशे करून घेतात. पंधरा-वीस दिवसांत फरक पडल्याचं सांगतात आणि चारचौघांत त्या प्लॅनची शिफारसही करतात. त्यांनी तारीख तपासावी. जूनच्या पहिल्या दमदार पावसात गाद्या खाली येतात, आबा राऊटरपासून आठ फुटांवर झोपू लागतात, कुलर ताडपत्रीत गुंडाळून मागच्या पडवीत जातो. त्या आठवड्यात कोणत्याही प्लॅनवर नेट पळतं. तेव्हा पैसे भरण्याआधी पाऊस पडेपर्यंत थांबा, केबल लावून पुन्हा मोजा, आणि वर्षाचा प्लॅन एकदम घेतलाच असेल तर पावती जपून ठेवा. पुढच्या एप्रिलमध्ये कंपनीकडून सहाशेचा प्लॅन घ्या म्हणून फोन येईल तेव्हा ती समोर असलेली बरी.